पंधरा तासांचा हिशेब : परिवहन आयुक्तांना एका निवृत्त ट्रक ड्रायव्हरचं खुलं पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : हेवी, म्हणजे ट्रकसारख्या जड वाहनाच्या, लायसनसाठी पोरांकडून घेतलेले पैसे आणि त्यांना न शिकवलेले तास.

महोदय,

ट्रक शिकवायला नियमात स्टिअरिंगवरचे पंधरा तास लिहिलेत. माझ्या पुतण्याला मिळाला सव्वा तास. मधल्या पावणेचौदा तासांचे पैसे आम्ही भरलेत, म्हणून हे पत्र.

तुमच्या कार्यालयात ते स्पीड पोस्टाने पोचेलच. पण तिथे ते आवक रजिस्टरात नंबर घेऊन पडून राहील आणि ज्यांच्या घरातलं पोरगं यंदा हेवीचं लायसन काढायला निघालंय त्यांना काहीच कळणार नाही. म्हणून उघड लिहितोय.

मी आष्टी तालुक्यातला. 1984 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. 1990 ला लायसन निघालं. 2021 साली डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला साफ नकार दिला, तेव्हा खाली उतरलो. लासलगावचा कांदा वाशीला, जालन्याची सळई कोकणात, न्हावा-शेव्याचे कंटेनर नागपूरपर्यंत, जे मिळेल ते ओढलं. एक कबुली आधीच देऊन टाकतो, नाहीतर माझ्याच बरोबरीचे हसतील. 1990 साली मीही ट्रायल दिली नव्हती. एजंटाने कागद नेले, आठ दिवसांनी लायसन आणून हातात ठेवलं. पण त्या कागदाच्या मागे सहा वर्षं होती.

पहिलं वर्ष नुसतं काचा पुसणं, ताडपत्री आवळणं आणि टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकणं. ठोका टणक वाजला तर हवा ठीक, बद्द वाजला तर टायर बसलाय. दहा टायर ठोकत फिरलं की कान तयार होतो, मग रात्री ढाब्याबाहेर अंधारातही कळतं. दुसऱ्या वर्षी उस्तादांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या ड्रायव्हरने, उभ्या गाडीचा गिअर हातात दिला. तिसऱ्या वर्षी रिकामी गाडी, तीही पेट्रोल पंपाच्या आवारात. भरलेली गाडी हातात आली ती पाचव्या वर्षी, आणि घाट त्याच्याही नंतर. कसारा उतरताना उस्ताद एवढंच बोलायचे, ‘ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर.’ या सगळ्याची फी शून्य. उलट दोन वेळचं जेवण मिळायचं, हातखर्चाला थोडेफार पैसे, आणि चुकलं की पाठीत धपाटा.

ती शाळा बंद पडली. आता मालक क्लीनर ठेवत नाहीत. डिझेल, टोल, टायर, गाडीचा हप्ता यांतून दुसऱ्या माणसाचा भत्ता निघत नाही, आणि मालकांचं अगदीच खोटं आहे असंही नाही. डाव्या सीटवर हल्ली ड्रायव्हरची पिशवी आणि पाण्याचा कॅन बसतो. साहेब, हे तुमच्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण ज्या सीटवर आम्ही शिकलो ती गेली, तेव्हा शिकवायची सगळी जबाबदारी मोटार ट्रेनिंग स्कूलवर आली, आणि त्या स्कूलवर लक्ष ठेवायची जबाबदारी तुमच्या खात्यावर आहे. हेवीच्या लायसनला स्कूलचा दाखला, तो नमुना 5, लागतोच. त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. म्हणजे पोरगं कितीही हुशार असू दे, त्याला त्या दारातून जावंच लागतं.

आता आमच्या पोराचं सांगतो.

धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ नाही राहिला. पोरगं दहावीला गणितात अडकलं ते अडकलंच, पण गाडीचं वेड लहानपणापासून. कायद्याप्रमाणे आधी हलक्या वाहनाचं लायसन काढून एक वर्ष काढलं, वयाची वीस वर्षं पूर्ण झाली, मग हेवीला गेला. मावशी शेजारच्या जिल्ह्यात राहते, तिच्याकडे राहून तिथल्या स्कूलमध्ये नाव घातलं. स्कूलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकाच स्कूलची गोष्ट असती तर तिथल्याच साहेबांना भेटून आलो असतो, तुम्हाला त्रास दिला नसता.

ठरलेली रक्कम 18,500 रुपये. त्यात शिकवणीचे 11,000, ‘लायसनचे’ 4,500 आणि ‘ट्रायल क्लियर’चे 3,000. भावजयीने बचत गटातून कर्ज उचललं, महिन्याला शेकडा दोनने. पावती मागितली तर एका जुन्या व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून मिळाला. तो माझ्याकडे आहे. सरकारी फी किती, तेही बघा. शिकाऊ लायसनचे 150, चाचणीचे 300, नवा वर्ग जोडण्याचे 500, वर कार्डाचे आणि इतर किरकोळ. सगळं धरून दीड हजाराच्या आतबाहेर. ती पोरं मोबाइलवरही भरू शकतात. पण ‘स्वतः फॉर्म भरलास तर ट्रायलला गाडी कोण देणार?’ असं विचारलं की पोरगं गप्प होतं. ट्रक कोण कुठून आणणार?

स्कूलकडे हेवीची गाडी एक. जुनी सहा टायर. मास्तरच्या बाजूला वेगळा ब्रेक-क्लच असायला पाहिजे असं नियम म्हणतो. होता, पण क्लचचं पेडल तुटलेलं आणि ब्रेकच्या पेडलाखाली कसलंसं फडकं कोंबलेलं, का ते मास्तरलाही सांगता आलं नाही. सकाळी साडेसहाला पाच पोरं मागे हौद्यात चढायची, एकजण पुढे. गावाबाहेरच्या माळावर एकेकाला दहा मिनिटं. सरळ जा, थांब, सरळ मागे ये, उतर. पुतण्याचा नंबर महिन्याभरात सात वेळा लागला. एकदा गाडी गॅरेजला होती, एकदा डिझेल नव्हतं, चार दिवस मास्तर कुठल्याशा लग्नाला, आणि तिसऱ्या आठवड्यानंतर ‘आता तुला येतंय की’ म्हणून बंद. मी त्याला वहीत लिहायला लावलं होतं, सवय म्हणून. आम्ही ट्रिपची वही ठेवायचो तशी. सात वेळा मिळून पंच्याहत्तर मिनिटं भरली.

ट्रायल झाली ती त्याच गाडीवर. मैदानावर दीडशे-दोनशे फूट पुढे, तेवढंच मागे. चाचणी घेणारे साहेब गाडीत बसलेच नाहीत, झाडाखाली खुर्ची होती. एका पोराची गाडी दोनदा बंद पडली, तोही पास. तीन आठवड्यांनी पोस्टाने कार्ड घरी आलं. भावजयीने पेढे वाटले. मीही खाल्ला.

मग मी त्याला घेऊन एका जुन्या मालकाकडे गेलो. वीस वर्षांची ओळख, शब्दाला किंमत असलेला माणूस. त्याने लायसन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, ‘कार्ड आहे तात्या, हात आहे का?’ म्हणलं बघा तुम्हीच. अड्ड्यावर चौदा टायर रिकामी उभी होती. पोरगं चढलं, स्टार्टर मारला, पहिला टाकला, हँडब्रेक सोडला आणि क्लच सोडायला लागलं. गाडी हलेना. रेस वाढवली. गाडी जागेवर थरथरायला लागली आणि क्लचप्लेटचा जळका वास आला.

ज्याने ट्रक चालवलाय त्याला यात काय झालं ते इथेच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगतो. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन चालू झालं की कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो, समोर काटा असतो, तो वर येईपर्यंत थांबायचं असतं. हवा नसेल तर मागच्या चाकांचा पार्किंग ब्रेक सुटतच नाही, आतल्या स्प्रिंगने तो आवळलेला राहतो. गाडी रात्रभर उभी असली तर सकाळी चार-पाच मिनिटं जातात. आम्ही तेवढ्यात दात घासायचो. पुतण्याला हा काटा कुणी दाखवलाच नव्हता. स्कूलची गाडी त्याच्या आधी दुसऱ्या पोराने चालवलेली असायची, इंजिन चालूच, हवा भरलेलीच. बिचाऱ्याला वाटायचं ट्रक असाच चालतो.

मालक काही बोलला नाही. चहा पाजला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘पस्तीस लाखांची गाडी आहे तात्या. पोराची चूक नाही, पण मी देऊ कशी?’ तो बरोबर होता, हेच जास्त लागलं.

हवेचं एवढं का ताणतो आहे, तर पुण्याचा नवले पूल आठवा. 20 नोव्हेंबर 2022 ला कात्रजच्या नव्या बोगद्याकडून उतारावरून आलेल्या ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिनच बंद केलं होतं, असं तेव्हा पोलिसांनी सांगितलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की हवा खर्च होते आणि नवी भरत नाही. वर गिअरचा अडसर नाही, स्टिअरिंग जड, ब्रेकचे लायनर तापून गुळगुळीत. मग पाय कितीही दाबा. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं ‘ब्रेक निकामी झाल्याने’. उस्तादांचं ते वाक्य ज्याने एकदा ऐकलंय आणि समजून घेतलंय तो उतारावर न्यूट्रल टाकणार नाही. ऐकवणार कोण? ते वाक्य सांगायला पंधरा तासही लागत नाहीत. पण त्यासाठी पोराला एकदा तरी घाटात न्यावं लागतं.

आता माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो. बहुतेक तुमचं खातं जे नियम राबवतं त्यांतूनच निघतात, माझ्या मनातलं काही नाही.

पहिली, अर्थातच तासांची. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 31 सांगतो की ट्रान्सपोर्ट वाहनाचं शिक्षण तीस दिवसांपेक्षा कमी नसावं आणि प्रत्यक्ष स्टिअरिंगवरचे तास पंधरापेक्षा कमी नसावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली याचं रजिस्टर ठेवावं लागतं, नमुना 15. पुतण्याच्या नावापुढे त्या रजिस्टरात पंधरा तास पूर्ण आहेत. सह्याही आहेत. पहिल्या दिवशी पाच कोऱ्या पानांवर सह्या घेतल्या होत्या, ‘ऑफिसचं काम आहे’ म्हणून.

दुसरी चाचणीची. त्याच नियमांत नियम 15 आहे. चाचणीत उमेदवाराने काय काय करून दाखवायचं ते त्यात लिहिलंय. त्यात खड्या चढावर गाडी थांबवून, मागे न घसरू देता पुन्हा उचलायची असं स्पष्ट आहे. मी गेल्या वर्षभरात ज्या पोरांना भेटलो त्यांच्यातल्या एकालाही कुणी चढावर गाडी थांबवायला सांगितलेलं नाही. मैदान सपाट, म्हणून चाचणीही सपाट. आणि गाडी कायम रिकामी. रिकामा ट्रक आणि पंचवीस टन भरलेला ट्रक या दोन वेगळ्या गाड्या आहेत, साहेब. ब्रेकचं अंतर वेगळं, वळण वेगळं, मागून येणारा धक्का वेगळा.

तिसरी, वैद्यकीय दाखल्याची. नमुना 1ए वर डॉक्टरांची सही 200 रुपयांत झाली, डोळ्यांसमोर तक्ता न धरता. याच्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. माझ्या स्वतःच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू हायवेवरच्या एका फुकट शिबिरात सापडला. तोवर दोनदा लायसन रिन्यू झालं होतं.

चौथी, जे सांगायला हवं ते न सांगण्याची. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 ला निकाल दिला की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, वेगळी नोंद लागत नाही. पोराने वयाची वीस पूर्ण केल्यावर आधी वर्षभर पिकअप किंवा छोटा टेम्पो चालवला असता तर हात बसला असता, चार पैसे मिळाले असते आणि फीसाठी बचत गटाकडे जावं लागलं नसतं. स्कूलने सांगितलं नाही, त्यांचा धंदा बुडतो. तुमच्या कार्यालयाच्या भिंतीवर हेल्मेटचे फलक आहेत, ते चांगलेच आहेत. त्यांच्या शेजारी या निकालाचा एक मराठी फलक लावायला काय हरकत होती?

पाचवी, चांगल्या शाळा आहेत पण आमच्या वाटेवर नाहीत. 2021 मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आणले. हेवीसाठी सहा आठवडे, 38 तास, सिम्युलेटर, स्वतःचा ट्रॅक, किमान दोन एकर जागा. नियम उत्तम आहे, मी वाचून खूश झालो. पुण्यात नाशिक फाट्याला चालक प्रशिक्षणाची मोठी संस्था आहे, ट्रॅक बघण्यासारखा आहे. पण आष्टीच्या पोराने दीड महिना पुण्यात राहायचं कुठे आणि खायचं काय? खोली, मेस आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरली की ती शाळा त्याला 18,500 पेक्षा महाग पडते. मग तो पुन्हा हौद्यात चढतो.

सहावी थोडी तुमच्या खात्याबाहेरची आहे, पण मंत्रिमंडळ एकच असतं म्हणून लिहितो. 2019 मध्ये ट्रान्सपोर्ट लायसनची आठवी पासची अट निघाली. फार चांगलं झालं. पण 2024 मध्ये राज्याने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तिचं विद्यावेतन बारावीपासून सुरू होतं, बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000. दहावी नापास पोराला ट्रक चालवायची परवानगी आहे, शिकायला पैसे मात्र नाहीत. आणि महामंडळांच्या व्याज परताव्याच्या योजनांतून गाडी घेणारे मी पाहिलेत. गाडी शिकण्यासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज परत मिळालं, असा मला अजून एकही भेटला नाही.

दरम्यान वरून काय ऐकू येतं? देशात 22 लाख ड्रायव्हर कमी आहेत असं खुद्द केंद्रीय मंत्री गडकरी साहेब सांगतात. 1 ऑक्टोबर 2025 पासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली. झाली ते बरं, मे महिन्यात इंजिनच्या उष्णतेत आम्ही काय भाजलोय ते आमचं आम्हाला माहीत. अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम नव्या न्याय संहितेत आलं, त्यावरून जानेवारी 2024 ला गाड्या थांबल्या, पंपांवर रांगा लागल्या, आणि ते कलम अजून थांबवून ठेवलंय. मी त्या संपाच्या बाजूने होतो की विरोधात हा इथला विषय नाही. पण दहा वर्षं कुणाला द्यायची याच्यावर देशभर चर्चा झाली, पंधरा तास कुणाला मिळाले याच्यावर एक ओळ कुठे आली नाही.

स्कूलवाल्यांचीही बाजू सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. एका स्कूलवाल्याने मला तोंडावर सांगितलं, ‘तात्या, पंधरा तास ट्रक फिरवला तर मी रस्त्यावर येईन.’ म्हणून मी हिशेब मांडला. शिकाऊ हात तासाला वीस किलोमीटरपेक्षा जास्त जात नाही. पंधरा तासांचे तीनशे किलोमीटर. चारचं अ‍ॅव्हरेज धरलं तर 75 लिटर. नव्वद रुपयांनी 6,750. शिकवणीचे 11,000 घेतले, त्यातून डिझेल जाऊन सव्वाचार हजार उरतात. मास्तरचा पगार, गाडीची झीज, विमा त्यातून भागत नसेल तर फी सरळ तेरा-चौदा हजार करा, पावती द्या आणि वरचे साडेसात हजार, ते ‘लायसनचे’ आणि ‘ट्रायल क्लियर’चे, सोडून द्या. पोराचे तरीही वाचतात. तो हसला. म्हणाला, ‘ते साडेसात माझ्याकडे थोडेच राहतात?’ कुणाकडे राहतात हे मी विचारलं नाही. ते विचारायचा अधिकार तुमच्याकडे आहे.

दुसरा एक हिशेब तुमच्यासाठी. एक ट्रक दिवसाला आठ तास चालला, महिन्याला पंचवीस दिवस, एकदाही गॅरेजला न जाता, तर दोनशे तास होतात. प्रत्येकी पंधरा म्हटलं तर एका ट्रकवर महिन्याला तेरा पोरं शिकू शकतात. चौदावं नाही. आता ज्या स्कूलकडे एक ट्रक आहे आणि जिने महिन्याला तीस-चाळीस दाखले दिलेत, तिथे नमुना 15 खोटा आहे हे कळायला धाड लागत नाही, भागाकार पुरतो. स्कूलच्या नावावर किती हेवी गाड्या आहेत हे तुमच्याकडे आहे. कुणी किती दाखले दिले हेही तुमच्याकडेच आहे. एका दुपारचं काम आहे. तुमच्या कार्यालयातली पोरं कॉम्प्युटरवर काय काय करतात ते मी पाहिलंय.

मागण्या साध्या आहेत.

राज्यातल्या प्रत्येक मोटार ट्रेनिंग स्कूलचा गेल्या तीन वर्षांचा हा भागाकार करा आणि जिल्हावार यादी लोकांसमोर ठेवा. नव्वद दिवसांत होईल.

स्कूलच्या हेवी गाडीवर जीपीएस बसवा आणि प्रत्येक फेरीनंतर त्या दिवसाची मिनिटं पोराच्या मोबाइलवर जाऊ द्या. फास्टॅगचे पैसे कापल्याचा मेसेज दोन मिनिटांत येतो, हा का येणार नाही?

दारावर दरफलक लावा. सरकारी फी किती, शिकवणी किती, वेगवेगळं. पावतीशिवाय नमुना 5 ग्राह्य धरू नका.

चाचणीत तीन गोष्टी झाल्याशिवाय कुणाला पास करू नका. उभ्या गाडीची तपासणी, म्हणजे हवेचा काटा, टायर, लायटी. चढावर थांबवून उचलणं. आणि निदान अर्धी भरलेली गाडी मागे घेणं. वाळूची पोती भरा, काही बिघडत नाही. निरीक्षकांनी गाडीत बसावं. त्यांची संख्या कमी आहे याची मला कल्पना आहे, त्यासाठी भरती मागा, आम्ही पाठीशी उभे राहू.

एसटीची अडीचशेच्या आसपास आगारं आहेत, बहुतेक तालुक्यांत एक. आवार आहे, वर्कशॉप आहे, मोडीत निघायच्या आधीच्या गाड्या आहेत, आणि निवृत्तीला आलेले, लाखो किलोमीटर चालवलेले ड्रायव्हर आहेत. दुपारी आवार रिकामं असतं. तिथे हेवीचे वर्ग सुरू करा, माफक फी घ्या. एसटीलाही चार पैसे मिळतील, तिला त्यांची गरज आहे असं ऐकतो.

आणि डावी सीट परत द्या. लायसन मिळाल्यावर तीन महिने अनुभवी ड्रायव्हरच्या शेजारी, विद्यावेतनासह. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 पासून आहे, कारखान्यातल्या फिटरला जे मिळतं ते ट्रकवरच्या पोराला मिळावं. शिकवणाऱ्या ड्रायव्हरलाही काहीतरी द्या. फुकट शिकवायचे दिवस आमच्या उस्तादांबरोबर गेले.

एक विनंती मात्र हात जोडून. चौकशी झाली तर या पोरांची लायसन रद्द करू नका. त्यांनी पैसे भरलेत, बहुतेकांनी कर्ज काढून. त्यांना परत बोलवा आणि राहिलेले तास त्याच स्कूलकडून, त्याच पैशांत भरून घ्या. माझा पुतण्या त्या रजिस्टरासमोर उभं राहून काय झालं ते सांगायला तयार आहे. त्याची ती वही, ते व्हिजिटिंग कार्ड आणि मी, तिघंही येऊ.

सध्या तो माझ्या एका जुन्या जोडीदाराच्या गाडीवर डाव्या सीटवर जातो. पगार नाही, जेवण आणि चहा. बचत गटाचे नऊ हप्ते बाकी आहेत, ते मी भरतोय. परवा रात्री दीडला त्याचा फोन आला, खंबाटकीच्या खालून. पहिल्यांदा भरलेली गाडी घाटातून त्याने उतरवली होती, जोडीदार शेजारी बसलेला. विचारलं कुठल्या गिअरात. म्हणाला, तिसऱ्यात, तात्या, आणि काटा बघत होतो.

आपला,
एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर
तालुका आष्टी